पहिला घोडा सारंगखेड्याहून घ्यायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: शिंदखेडा तालुक्यातले शेतकरी, वजन ६८ किलो, बसायची जेमतेम सवय. रोज सकाळी घोड्यावरून शेताला फेरी मारायची आणि लग्नसराईत घोडा वरातीला देऊन चाऱ्याचा खर्च काढायचा, असा विचार आहे. दलालाने अडीच वर्षांचा, ६२ इंची, काळाभोर मारवाडी अंडील (खच्ची न केलेला) घोडा सुचवला आहे. मानेला देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा, आहे. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत घ्यावा का?

हा घोडा घेऊ नका. जनावर वाईट असेल असं नाही, पण ते तुमच्या कामाचं नाही. अडीच वर्षांच्या घोड्याची उंची भरलेली दिसते, तरी पाठीचे सांधे पाच वर्षांच्या पुढेच पक्के होतात. त्याच्यावर आत्ता रोज बसलात तर चौथ्या-पाचव्या वर्षी पाठ आणि मागचे गुडघे बोलायला लागतील. शिवाय तो शिकलेला नाही आणि तुम्हालाही फारसं येत नाही. अशा जोडीत घोडाच माणसाला शिकवतो, आणि तो जे शिकवतो ते बहुतेक वेळा दवाखान्यात संपतं. त्यात अंडील. यात्रेत शेजारी घोडी बांधलेली असली की त्याचा खरा स्वभाव दिसतो. विक्रेत्याने तो दुसऱ्या टोकाला का बांधलाय, ते विचारा.

तुमच्यासाठी योग्य जनावर म्हणजे ७ ते १० वर्षांची, ५८ ते ६० इंचांची, निदान दोन वर्षं खोगिराखाली राबलेली घोडी, किंवा मिळालाच तर खच्ची केलेला घोडा. खच्ची घोडे आपल्याकडच्या बाजारात कमी येतात, कारण अंडील घोड्याला पैदाशीचा भाव मिळतो. त्यामुळे व्यवहारात घोडीच पाहावी लागेल. ती गाभण नाही ना, हे डॉक्टरकडून तपासून घ्या. 'गाभण आहे, एकाच्या पैशात दोन' हे यात्रेतलं आवडतं वाक्य आहे. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे असतात. शेवटचे चार महिने आणि शिंगरू लहान असेपर्यंत खोगीर खुंटीलाच राहतं.

शेतफेरी आणि वरात ही दोन्ही कामं एका घोड्याकडून पहिल्या वर्षी होत नाहीत. वरातीतला, त्यातही नाचाचा घोडा लगाम खेचून, ढोलावर पाय उचलायला शिकवलेला असतो. शेतातून येताना मागून ट्रॅक्टरने हॉर्न दिला की तो तिथेही उभा नाचतो. त्याचं तोंड उघडून पाहिलंत तर जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत जुने व्रण दिसतील. काटेरी लगाम १९६५ च्या नियमांनी बंद आहे, तरी यात्रेत तो राजरोस दिसतो. आधी एक वर्ष स्वतःची रपेट पक्की करा, मग डीजेची सवय हळूहळू लावा. वरातीचं उत्पन्न तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत, आणि घोडा मात्र चातुर्मासातही तितकंच खातो.

जातीबद्दल फार डोकं शिणवू नका, पण एवढं माहीत असू द्या. मारवाडी आणि काठेवाडी दोघांचे कान आत वळून टोकाला भिडतात. काठेवाडी अंगाने लहान, सौराष्ट्राच्या उन्हातला, म्हणून खानदेशाच्या वैशाखात तो टिकतो. पंजाबकडून येणारे उंच, सरळ कानाचे घोडे आणि नुकरे (जन्मतः पांढरे) वरातवाले उचलतात. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते; जळगाव-भुसावळकडच्या ४५ अंशांच्या उन्हात त्याचं नाक आणि डोळ्यांच्या कडा भाजतात, दुपारी त्याला बाहेर काढता येत नाही. पांढराच हवा असेल तर काळ्या कातडीचा सब्जा पाहा: जन्मतः गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जाणारा. फक्त त्याची शेपटी उचलून खाली काळ्या गाठी नाहीत ना, हे बघा. म्हाताऱ्या सब्ज्यांना त्या बहुधा येतात. भीमथडी हे आपल्या दख्खनचं तट्टू, ५०-५२ इंचांच्या आसपासचं, धनगरांच्या स्थलांतरात ओझी वाहणारं. तोरणमाळ-धडगावच्या चढांवर ओझ्यासाठी ते उत्तम, ६८ किलोच्या माणसाला रोजच्या रपेटीसाठी लहान पडेल.

उंचीपेक्षा वजन मोजा. इंचांवर सौदा होतो, पण ओझं वजन उचलतं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोमधलं अंदाजे वजन. घेर १७२ आणि लांबी १५५ असेल तर साधारण ३८६ किलो. पाचवा हिस्सा ७७. तुम्ही ६८ आणि खोगीर ८, म्हणजे काठावर बसतं. घेर १६५ आणि लांबी १५० आली तर वजन ३४४ च्या आसपास. तो तुम्हाला रोज तासभर नेईल, पण थकून आणि पाठ देऊन. उंचीची पट्टी लावताना जमीन सपाट आहे का आणि पुढचे पाय उंचवट्यावर उभे केलेत का, ते पाहा. या युक्तीने दोन इंच सहज वाढतात.

दात

वयाचा पुरावा तोंडात असतो, विक्रेत्याच्या तोंडात नव्हे. खालचे पुढचे सहा दात पाहा. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र, मुळाशी आवळलेले. पक्के दात मोठे, पिवळसर, उभ्या रेघांचे. अडीच वर्षांना मधली जोडी बदलते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कोपऱ्याची. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण जुळतं. सुळे नराला चौथ्या-पाचव्या वर्षी येतात, घोडीला बहुधा नसतातच. पुढे दातांच्या चघळायच्या बाजूचे काळे खळगे झिजतात: मधल्या जोडीचे सहाव्या वर्षाच्या सुमारास, शेजारचे सातव्या, कोपऱ्याचे आठव्या. आठनंतर अंदाज ढिला होतो. मग वरच्या कोपऱ्याच्या दातावरची उभी तपकिरी खाच कामाला येते. ती दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी निम्म्यावर येते आणि विसाव्या वर्षी दातभर उतरते. जोडीला बाजूने ओठ उचलून पाहा. तरुण घोड्याचे वरखालचे दात जवळजवळ उभे भिडतात, म्हाताऱ्याचे पुढे तिरपे झुकतात.

बारा वर्षांच्या घोड्याला आठचा करायला झिजलेल्या दातात नवा खळगा कोरून तो डागून काळा करतात. खऱ्या खळग्याभोवती कठीण पांढरट कड असते, कोरलेल्याला ती नसते. आणि दातांचा तिरपेपणा कुणाला कोरता येत नाही, त्यामुळे खळगा एक वय सांगत असेल आणि तिरपेपणा दुसरं, तर तिरपेपणावर विश्वास ठेवा. पुढच्या दातांच्या कडा तिरक्या झिजल्या असतील तर तो फळी किंवा गव्हाण दातात धरून वारा ओढणारा आहे. ही सवय जात नाही. अशा घोड्याला पोटदुखी वरचेवर होते, आणि शेजारी बांधलेले घोडेही तिच्या नादी लागतात असं जुने लोक सांगतात. मानेभोवती पट्ट्याने केस गेलेले दिसले तरी हाच संशय घ्या.

पाय, आणि ते कुठे पाहायचे

सारंगखेड्याची यात्रा तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या पायाशी, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास भरते. घोड्यांच्या रांगांपुढची जमीन भुसभुशीत असते. मऊ मातीवर दुखऱ्या खुराचा घोडाही छान पळतो, म्हणून चाल कधीही तिथे पाहू नका. घोडा दोंडाईचा-शहादा रस्त्याच्या बाजूला कुठल्याही कडक, सपाट जागेवर न्यायला सांगा. विक्रेता 'नाल घसरतील' म्हणून नाही म्हणाला तर दुसरा घोडा बघा.

दोरी ढिली सोडून, स्वार न बसवता, तीस-चाळीस पावलं दुडकी चालीने सरळ जायला आणि यायला लावा. तुम्ही समोर उभे राहा, मग मागे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उडते आणि चांगला पाय टेकताना खाली जाते. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. विक्रेत्याचा माणूस दोरी हनुवटीशी आखूड धरून पळवत असेल तर तो मानेची उडी लपवतोय. मग दोन्ही बाजूंना लहान रिंगणात फिरवा; सरळ चालीत लपलेला लंगडेपणा वळणावर दिसतो. रेवाल, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टाकणाऱ्या चालीचा घोडा असेल तर त्याच्याकडून दुडकी काढणं अवघड असतं, तेव्हा रिंगण आणि हळू चालीचा कानोसा, दोन्ही घ्या: चारही नालांचा आवाज एकसारखा पडला पाहिजे.

मग हात लावा. गुडघ्याखालच्या नळीच्या मागची शीर पाय उचलून, बोटांच्या चिमटीत वरून खालपर्यंत चाचपा. ती ताणलेल्या दोरीसारखी साफ आणि गार लागली पाहिजे. जाड, गरम किंवा धनुष्यासारखी फुगलेली असेल तर सौदा तिथेच संपवा. अशी शीर बरी होते, पण पुन्हा जाते. नळीच्या आतल्या बाजूला कडक, गार, न दुखणारी गाठ असेल तर घाबरू नका, ती जुनी असते आणि बहुधा त्रास देत नाही. मागच्या गुडघ्यावर मऊ, पाण्यासारखी सूज म्हणजे मोत्रा: दिसायला वाईट, लंगडत नसेल तर भाव कमी करायच्या कामाचा. त्याच गुडघ्याच्या आत खालच्या बाजूला हाडासारखा कठीण उंचवटा म्हणजे हड्डा, आणि त्यावर हसून पुढे जाऊ नये.

चारही खूर उचलून पाहा. पाय देतच नसेल तर नालबंद त्याच्याकडे नेहमी भांडून काम करतो, आणि तुमच्या गावात नालबंद आधीच किती लांबून येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. खुरावरची आडवी वळ्यांची खूण टाचेकडे रुंद आणि पुढे दाटीची असेल तर त्याला कधीतरी खुरांचा दाह होऊन गेला आहे. अशा घोड्याला भरपूर दाण्यावर तो पुन्हा होतो. तळव्याचा त्रिकोणी मऊ भाग काळा, कुजका, दुर्गंधीचा असेल तर तो ओल्या लिदीवर बांधलेला असतो. हे दुरुस्त होतं, महिनाभर कोरडी जागा लागते. काळ्या जमिनीच्या गोठ्यात पावसाळ्यात हा रोग घरोघरी असतो, म्हणून घोडा आणायच्या आधी मुरूम टाकलेला उंच ओटा करा.

डोळे आणि दम लवकर आटोपतात, पण चुकवू नका. सावलीत मोबाइलच्या बॅटरीने डोळ्यात पाहा: पांढरा ढग नको, आणि पुढच्या पाण्यात हलणारा पांढरा दोऱ्यासारखा जंतही नको, तो आपल्या देशात बऱ्यापैकी सापडतो. श्वास विश्रांतीत मिनिटाला ८ ते १६, नाडी २८ ते ४४, ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. दहा मिनिटं पळवल्यावर बाजूला उभं राहून ऐका. पोट दोनदा दाबून श्वास सोडत असेल किंवा घशातून घरघर येत असेल तर नको.

यात्रेतल्या कलाकुसरी

काळ्या घोड्याला भाव जास्त, म्हणून कुमेताला (तांबूस-तपकिरी घोड्याला) कलप लावतात. स्पिरिटमध्ये भिजवलेला पांढरा कापूस आयाळीच्या मुळाशी आणि पोटाखाली घासा. चिडका घोडा गुंगीच्या इंजेक्शनने देवासारखा उभा राहतो: खालचा ओठ लोंबतो, मान खाली, नराचं लिंग बाहेर सुटलेलं. दुखऱ्या पायाला वेदनाशामक दिलेलं असतं, त्याचा असर दिवसभराहून जास्त टिकतो. म्हणून एकच घोडा दोनदा पाहा, दुसऱ्यांदा न कळवता, पहाटे, त्याला फिरवून गरम करायच्या आधी. मोठ्या रकमेचा सौदा असेल तर डॉक्टरकडून रक्ताचा नमुना काढून ठेवा. नुसती ही अट घातली तरी काही विक्रेते आपोआप भाव बदलतात.

स्वभावाची परीक्षा अशी: पंधरा मिनिटं लांबून नुसतं बघत राहा. तो चारा खातोय का, शेजाऱ्याला लाथ मारतोय का, एका जागी डुलत राहतोय का. मग मालकाला खरारा करायला, खोगीर चढवायला, तंग आवळायला लावा. तंग आवळताना चावायला येणारा घोडा पुढेही येईल. आधी मालकाने बसावं, मग तुम्ही. शेवटची कसोटी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त लोक विसरतात: त्याला बाकी घोड्यांपासून एकटा, रांगेच्या बाहेर दोन-तीनशे मीटर न्या. जो हंबरडा फोडतो, अडतो, उलटा फिरतो, तो तुमच्या एकुलत्या गोठ्यात वेडा होईल.

भोवऱ्यांचं काय? देवमण, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरा), डोळ्याखालचा भोवरा, एकच पांढरा पाय, यावर रात्रभर चर्चा होते. घोड्याच्या तब्येतीशी त्याचा संबंध नाही. पण बाजारभावाशी आहे, म्हणून माहिती असू द्या: देवमणाचे पैसे तुम्ही देता आणि विकताना परत मिळवता, अशुभ मानलेल्या भोवऱ्याचा घोडा स्वस्त मिळतो आणि स्वस्तच जातो. दहा वर्षं ठेवायचा असेल तर पाय-स्वभावाने चांगला पण 'खोडीचा' (अशुभ भोवऱ्याचा) घोडा हा यात्रेतला सगळ्यात फायद्याचा सौदा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची मात्र आधीच समजूत घाला.

तपासणी, पैसे, कागद

ग्लँडर्सचा अहवाल नसलेला घोडा कितीही आवडला तरी घेऊ नका. हा रोग घोड्यातून माणसाला होतो, घोड्याला त्यावर लस किंवा उपचार नाही, आणि २००९ च्या कायद्याखाली तो कळवावाच लागतो. बाधित घोडा मारावा लागतो. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या पद्धतीने तपासले जातात आणि निकालाला दिवस लागतात, म्हणून यात्रेच्या आधीच विक्रेत्याकडे मागणी करा. अहवालावरचं वर्णन, रंग आणि खुणा समोरच्या घोड्याशी जुळवा. दुसरी तपासणी सर्राची. पावसाळ्यात मोठ्या गोमाश्या चावून हा रक्तातला रोग पसरतो आणि डिसेंबरात घोडा खाऊनही वाळलेला, पोटाखाली व पायांवर सूज, हिरड्या फिक्या असा दिसतो. वेळेत कळला तर औषध आहे.

यात्रेचे पहिले दोन-तीन दिवस चढ्या भावाचे आणि बघ्यांचे. लांबून आलेले व्यापारी परतायच्या आधी खाली येतात, पण तोवर शांत घोड्या विकल्या गेलेल्या असतात. पहिल्या दिवशी पाहून ठेवावं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलावं. दलालाची दलाली आधी ठरवा आणि तो दोन्हीकडून घेतोय असं धरून चाला. इसार देताना साध्या कागदावर लिहून घ्या: रंग, उंची, दात, खुणा, 'लंगड, आंधळेपणा, वारा ओढण्याची सवय निघाल्यास परत'. बाजार समितीची पावती तुमच्या नावाने घ्या. नोंदणीकृत मारवाडी म्हणून जास्त पैसे मागत असतील तर मायक्रोचिप वाचून पासपोर्टवरचा क्रमांक जुळवा. नुसत्या कानांना वंशावळ म्हणत नाहीत. तुम्हाला हवी तशी घोडी यात्रेत सापडली नाही तर येवल्याचा घोडेबाजार आहे. किंवा आसपासच्या तालुक्यांतला एखादा मालक घरूनच विकत असेल. तो आठ दिवस वापरून पाहू देतो, ही सवलत परराज्यातला व्यापारी देऊ शकत नाही.

घरी आणल्यावर

गाडीत तळाला वाळू किंवा उसाचं पाचट, बाजूंना भरलेली पोती, रात्रीच्या थंडीला झूल. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा प्रवासाचा दाखला सोबत हवा. विक्रेत्याकडून तीन-चार दिवसांचा त्याचा जुना चारा मागून घ्या आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर आणा. एकदम बदल केला की पोटशूळ येतो: पोटाकडे वळून बघतो, लोळतो, लीद बंद. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून घरगुती काढे नळीने ओतत बसू नका. दाणा काढून डॉक्टरला बोलवा. तीन आठवडे गोठा आणि बादली वेगळी ठेवा. धनुर्वाताची लस लगेच द्या.

३८० किलोच्या घोड्याला दिवसाला ७-८ किलो सुका चारा आणि रोज तासभर काम असेल तर दीड-दोन किलो दाणा लागतो: भिजवलेला हरभरा, जव, थोडा कोंडा. पाणी २५ ते ४० लिटर, वैशाखात त्याहून जास्त, आणि मूठभर मीठ. म्हणजे वर्षाला तीन टनांच्या आसपास चारा. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा घरचा असेल तर अर्धी चिंता मिटली. पण तीन गोष्टी खानदेशात घोडे मारतात. पहिली, कोवळी किंवा पाण्याला ताणलेली हिरवी ज्वारी, तिच्यात विष असतं. दुसरी, बुरशी लागलेला मका. म्हैस तो पचवते, घोड्याचा मेंदू त्याने विरघळतो आणि तो दोन-तीन दिवसांत जातो. तिसरी, गुरांची किंवा कोंबड्यांची तयार पेंड. तिच्यातल्या काही मिश्रणांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयाला घातक. दूधवाल्या गोठ्यात घोडा बांधणार असाल तर खाद्याची पोती कुलुपात ठेवा.

नालबंदाला दर पाच-सहा आठवड्यांनी बोलवा. पहिल्या भेटीत जुने नाल काढून तळवे नीट तपासायला सांगा, कारण नालाखालचं यात्रेत कुणीच दाखवत नाही.